हेल्मेटच्या आतला वारा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी एक अट घातली. 'बालरोगांवर नको, ते आम्हांला रोजच भेटतात. आपल्या छंदावर लिहा.' माझा छंद आपल्या मंडळात सर्वश्रुत आहे. गेली अठरा वर्षे महिन्यातल्या दोन रविवारी पहाटे आम्ही चार डॉक्टर आपापल्या मोटारसायकली काढून बेळगावबाहेर पडतो. कधी संकेश्वर-निपाणीवरून कोल्हापूर गाठून, मिसळ खाऊन दुपारच्या आत परत. कधी जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यात. यावर एखादे गोड प्रवासवर्णन सहज लिहिता आले असते. परंतु गेल्या वर्षी माझ्या बाह्यरुग्ण कक्षात एक प्रसंग घडला आणि या छंदाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. म्हणून वर्णन बाजूला ठेवून थोडे मत मांडतो.

सात वर्षांची एक मुलगी जुलाबांसाठी आली होती. मुलांना बोलता येत असेल तर प्रश्न मी त्यांनाच विचारतो, ही माझी जुनी सवय. 'किती वेळा शी झाली गं कालपासून?' ती म्हणाली, 'दहा.' मी केसपेपरवर दहा लिहिले, जीभ पाहिली, पोटाची त्वचा चिमटीत धरून पाहिली, आणि सलाईन लावावे लागेल का या विचारात पडलो. तेवढ्यात आई म्हणाली, 'डॉक्टर, सहा म्हणाली ती.' मी मुलीकडे पाहिले. तिने पुन्हा सांगितले, आणि या वेळी मी तिच्या ओठांकडे पाहत होतो म्हणून मला 'सहा' ऐकू आले.

चूक क्षुल्लक होती आणि वेळीच सुधारली. पण माझी सिस्टर माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती तिच्यावरून एवढे कळले, की ही पहिली वेळ नव्हे. 'काय म्हणालास बाळा?' हे वाक्य गेली दोन-तीन वर्षे मी फार वेळा म्हणत होतो. त्याचा दोष कधी मुलांच्या बोबड्या बोलण्याला दिला, कधी २०२० नंतर तोंडावर आलेल्या मुखपट्ट्यांना. स्वतःच्या कानाला मात्र कधी दिला नव्हता.

आमच्या चौघांतला एक कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. त्याने त्याच आठवड्यात माझा ऑडिओग्रॅम काढला. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झच्या जागी स्पष्ट खाच, आणि ८००० ला आलेख पुन्हा थोडा वर. एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात पाठ केलेले गोंगाटजन्य बहिरेपणाचे चित्र पस्तीस वर्षांनी माझ्याच नावाच्या कागदावर मी पाहत होतो. तो म्हणाला, 'तू कारखान्यात नाहीस, दिवाळीत फटाक्यांजवळ जात नाहीस. हा वारा आहे, वारा.' मी म्हटले, 'माझ्या गाडीचा सायलेन्सर कंपनीचाच आहे.' त्यावर तो हसला. 'अरे, गाडीचा आवाज नव्हे. हेल्मेटचा.'

एक दिलासा म्हणजे स्टेथोस्कोपला अद्याप धक्का नाही. हृदयाचे ध्वनी आणि बहुतेक मर्मर हे कमी वारंवारतेचे असतात; तिथे माझे कान शाबूत आहेत. गेले आहेत ते स, श, फ, थ यांसारखे वर्ण, आणि तेही बारीक आवाजात बोललेले. म्हणजे नेमकी मुलांची भाषा. बालरोगतज्ज्ञाने याहून वाईट ठिकाणी कान गमावणे अवघड आहे.

त्यानंतर या विषयावर जे काही वाचले, त्यातले थोडे इथे सांगितले पाहिजे. दुचाकीस्वारांच्या कानांवर ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात बरेच मोजमाप झाले. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वाऱ्याचा आवाज यंत्राच्या आवाजाला मागे टाकतो, असे त्यात आढळले. हेल्मेटच्या आत, कानाशी, ताशी ६० च्या पुढे सुमारे ९० डेसिबल आणि ताशी १६० ला ११० च्या आसपास पातळी मिळाली. आम्ही काही १६० ने जात नाही. पण कोल्हापूरच्या महामार्गावर ८०-९० हा आमचा नेहमीचा वेग, आणि मधला आकडा धरला तरी तो ९५ च्या पुढे जातो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबलला आठ तास चालतील, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. म्हणजे ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा, १०० ला पाव तास. बेळगाव ते कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास. अठरा वर्षांचा हिशेब मी केला नाही. ऑडिओग्रॅमने तो करूनच ठेवला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझी कन्या पुण्यास नोकरी करते. बाबांचे कान बिघडल्याचे कळताच तिने वाढदिवसाला बाहेरचा आवाज नाहीसा करणारे बिनतारी इअरबड पाठवले. फोनवर म्हणाली, 'बाबा, हे घाला. बाहेरचं काही ऐकूच येणार नाही, आणि गाणी पण ऐका.' भेट प्रेमाची होती आणि वस्तूही उत्तम होती. तीन फेऱ्या मी ती हेल्मेटखाली वापरली. तरीही आज माझे स्पष्ट मत असे आहे, की मोटारसायकलीसाठी ही निवड चुकीची आहे. तरुण मंडळी आणि आपल्यापैकीही काही जण हीच निवड करू लागले आहेत, म्हणून कारणे विस्ताराने देतो.

आवाजाने आवाज खोडण्याची कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. ती खऱ्या अर्थाने कानावर आणली अमर बोस यांनी. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीत त्यांना हेडफोनवर संगीत नीट ऐकू येईना, आणि त्यांनी विमानातच गणिते मांडायला घेतली. वैमानिकांसाठीचा त्यांच्या कंपनीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. तत्त्व सोपे आहे. बाहेरचा सूक्ष्म मायक्रोफोन येणारी ध्वनिलहर टिपतो, आतील यंत्रणा तिची उलटी लहर निर्माण करते, आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. ही युक्ती सलग, एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर सर्वांत चांगली चालते. साधारणपणे १००० हर्ट्झच्या वर तिचा जोर ओसरतो. विमानाची घरघर, आगगाडीचा डबा, रुग्णालयातील वातानुकूलन यांना ती नामी.

पण हेल्मेटमधील वारा सलग नसतो. तो हेल्मेटच्या कडांवरून, हनुवटीखालच्या फटीतून भोवरे करीत येतो. मायक्रोफोनवर आदळणारा हवेचा धक्का आणि कानाच्या पडद्यापाशी पोहोचणारा आवाज या दोन निरनिराळ्या गोष्टी होतात. मग यंत्रणा जे नाही तेच खोडू पाहते. माझा अनुभव असा, की ताशी ५० पर्यंत स्वर्गीय शांतता, ७० ला कानात दडे बसल्यासारखे वाटणे, आणि ८५ ला मान वळवताच फडफड. बाहेरचे ऐकू यावे म्हणून जी पारदर्शक सोय देतात, ती चालू केली तर वारा उलट मोठा होऊन आत येतो. या इअरबडचे जे काही रक्षण होते ते वस्तुतः त्याच्या रबरी टोपीचे. टोपी कानात घट्ट बसली तर आवाज अडतो, आणि हेल्मेट चढवताना ती हमखास सैल होते. शिवाय ज्याची दांडी कानाबाहेर येते, त्याला हेल्मेटचे अस्तर दाबते. निपाणी येईपर्यंत माझी उजवी पाळी ठणकू लागली होती.

इथवर गैरसोय झाली. धोका पुढे आहे. वारा ९५ आणि गाणे ऐकायचे, तर आवाज कुठे न्यावा लागेल? वाऱ्याच्या वर. टोपी सैल असेल तर १०० च्या घरात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकाप्रमाणे प्रौढांना आठवड्यास ८० डेसिबलचे ४० तास, आणि लहान मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५, ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा मानली आहे. ज्याला मी पोलिओचे डोस पाजले असा एकोणीस वर्षांचा एक मुलगा अजूनही ताप आला की माझ्याकडेच येतो. मध्यंतरी तो रात्री कानात शिट्टी वाजते म्हणून आला. रोज खानापूरहून दुचाकीने ये-जा, कानात इअरबड, आवाजाची पट्टी शेवटापर्यंत. त्याला मी दूरच्या कुणाची आकडेवारी सांगितली नाही. टेबलाच्या खणातून माझा ऑडिओग्रॅम काढून दाखवला.

मग कोणती निवड करावी? माझे उत्तर थोडे उलट्या क्रमाचे आहे. आधी वारा अडवावा आणि मग, हवा असेल तरच, आवाज आत घ्यावा. वारा अडवण्याची सुरुवात हेल्मेटपासून होते. आयएसआय चिन्हाचे, पूर्ण चेहरा झाकणारे आणि डोक्याला नीट बसणारे हेल्मेट अर्ध्या टोपीपेक्षा कितीतरी शांत असते. आपल्याकडे हौसेने पुढे बसवलेली आखूड काच पुष्कळदा वारा नेमका हेल्मेटवर आणून सोडते. ती काढून एकदा चालवून पाहावी. थंडीत मी मानेभोवती मफलर गुंडाळून हेल्मेटखालची फट बुजवतो. त्याची दोन्ही टोके जाकिटात खोचलेली हवीत, हे डॉक्टरांना तरी सांगायला नको.

त्यानंतर इअरप्लग. बिनयंत्राचा, बिनबॅटरीचा, स्पंजाचा काही रुपयांचा बोळा. वेष्टनावर जेवढे डेसिबल छापलेले असतात तेवढे प्रत्यक्षात मिळत नाहीत. अर्धे मिळाले तरी कानाचे काम होते. तो घालण्याची रीत मात्र आहे. बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. (बाळाचा कान तपासताना पाळी खाली आणि मागे ओढण्याची सवय असल्यामुळे पहिले दोन आठवडे मी स्वतःवर चुकीच्या दिशेने प्रयोग करीत होतो. आमच्या मित्राने ही गोष्ट सर्वांना सांगितली आहेच, तेव्हा मीच सांगितलेली बरी.) हेल्मेट चढवताना त्याचे पट्टे दोन्ही बाजूंना ताणून धरावेत, म्हणजे बोळे निघत नाहीत.

यावर हटकून येणारा आक्षेप, कान बंद केल्यावर हॉर्न कसा ऐकू येणार? आपल्या रस्त्यांवर हॉर्न ही भाषाच आहे, म्हणून आक्षेप योग्य आहे. पण बोळा वारा आणि हॉर्न दोघांनाही खाली आणतो. त्यांच्यातले अंतर जवळजवळ तसेच राहते. भर उन्हात काळा चष्मा लावल्यावर रस्ता दिसेनासा होत नाही, तसेच हे. संगीताचे तसे नाही. संगीत हा आणखी एक गोंगाट असतो आणि तो हॉर्नला झाकतो. एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो. ज्यांचे वरच्या पट्टीतले कान आधीच गेले आहेत, त्यांना जाड स्पंजाने इशाऱ्याचे आवाज आणखी अस्पष्ट होऊ शकतात, कारण स्पंज वरचे स्वर जास्त अडवतो. मी स्वतः त्यांतलाच, म्हणून मी मधे बारीक छिद्राची गाळणी असलेले, मोटारसायकलस्वारांसाठीचे प्लग वापरतो. ते कमी अडवतात, पण सर्व पट्ट्या साधारण सारख्या प्रमाणात अडवतात. आरशात पाहण्याची सवयही त्यामुळे वाढली.

मग बिनतारी आवाज? तो हेल्मेटच्या अस्तरात बसणाऱ्या पातळ स्पीकरांतून घ्यावा. कार्डो, सेना यांसारख्या कंपन्यांची हेल्मेटची ब्लूटूथ यंत्रे आपल्याकडे मिळतात, स्वस्त देशी पर्यायही आहेत. इअरप्लग घातलेला असताना हेल्मेटमधला स्पीकर ऐकू येतो का, असे मलाही वाटले होते. येतो, आणि अधिक स्पष्ट येतो, कारण वारा गेलेला असतो. अट एकच, स्पीकर कानाच्या छिद्रासमोर नेमका हवा. बोटभर सरकला तरी आवाज पडतो, आणि मग माणूस जागा सुधारण्याऐवजी आवाज वाढवतो. अस्तर व स्पीकर यांत गादीचा तुकडा घालून तो कानाजवळ आणता येतो. स्पीकर बसावा म्हणून आतील थर्माकोल कोरणारे महाभाग मी पाहिले आहेत. तो थर्माकोल म्हणजेच हेल्मेट. बाहेरचे कवच त्याचा डबा आहे. चौघांनी मिळून जायचे असेल तर यंत्र घेताना एक विचारावे. ब्लूटूथच्या साखळीत मधला गडी मागे पडला की पुढच्या-मागच्यांचे बोलणे तुटते. मेश पद्धतीत कोण कुठे आहे याने फरक पडत नाही. आमची साखळी संकेश्वरपाशी नेहमी तुटे, कारण मधल्याला तिथे चहा लागतो.

फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून वाहन चालवताना कानात इअरफोन घालण्यास बंदी केली आणि त्यातून हेल्मेटमध्ये बसवलेल्या यंत्रांना वगळले. हा फरक मला समंजस वाटतो. कानात खुपसलेली वस्तू जगाला बंद करते. हेल्मेटमधला स्पीकर कानाशी बोलतो आणि जागा मोकळी ठेवतो. त्यातून मी फक्त वाटेच्या सूचना ऐकतो. आपल्याकडेही २०२० च्या नियमदुरुस्तीने हातातल्या उपकरणाचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, मान्य केला आहे.

यंत्र आले की सर्वांत मोठा मोह फोनचा, आणि या मोहाचे सर्वांत मोठे बळी आपण डॉक्टर. 'नवजात विभागातून फोन आहे' हे कारण कुणीही खोडू शकत नाही. पण टोरांटोत मोटारचालकांवर झालेला १९९७ चा अभ्यास आणि पर्थ येथील २००५ चा, दोन्ही नामांकित नियतकालिकांत आलेले, सांगतात की फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो आणि हात मोकळे असल्याने तो कमी होत नाही. लक्ष जाते ते बोलण्यात. तापाने झटका आलेल्या बाळाची हकिगत ऐकत हत्तरगीचा उतार मी एकदा उतरलो आहे. तो उतार मला अजिबात आठवत नाही. आता फोन वाजला की गाडी बाजूला घेऊन, हेल्मेट काढून बोलतो. त्यात दोन मिनिटे जातात. तेवढ्या वेळात सिस्टर जे करायचे ते करतात, आणि माझ्याहून बरे करतात.

गावात मात्र कानात काहीच नको. वेग कमी, वारा नगण्य, आणि रिक्षा, कुत्री, शाळा सुटलेली मुले यांची सर्व खबर कानानेच कळते. घाटातही तेच. चोर्ल्याच्या वळणांवर समोरच्या मालमोटारीचा हॉर्न हा आपला डोळा असतो. आम्ही जांबोटीला चहा घेतो तिथेच प्लग काढून डबीत ठेवतो. त्याच टपरीवर गेल्या महिन्यात एक दांपत्य भेटले. दोन वर्षांचे मूल टाकीवर पुढे बसवलेले, वडिलांच्या कानात इअरबड, मुलाच्या डोक्यावर कानटोपी. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला स्वतःचे हेल्मेट हवे, चालकाला बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० च्या आत हवा, हा नियम २०२२ मध्ये अधिसूचित होऊन वर्षभराने लागू झाला आहे. मी तो सांगितला. वडिलांनी एका कानातला इअरबड काढून विचारले, 'काय म्हणालात?'

पावसाळ्याबद्दल एक वैद्यकीय टीप. ओल्या कानात रबरी टोपी तासन्‌तास ठेवली की बुरशी येते. श्रावणात आमच्या मित्राच्या दवाखान्यात अशा कानांची रांग असते. प्लग धुऊन, पूर्ण वाळवून वापरावेत, स्पंजाचे तर वारंवार बदलावेत.

गेलेले ऐकू परत येत नाही, हे मित्राने मला दोनदा सांगितले. या वर्षीचा माझा आलेख गेल्या वर्षीच्या आलेखावर ठेवला तर दोन्ही रेषा जुळतात, एवढ्यावर आम्ही समाधान मानले आहे. कन्येचे इअरबड सौभाग्यवतींनी ताब्यात घेतले असून मुलाकडे विमानाने जाताना त्या ते वापरतात, आणि फार स्तुती करतात. मंडळाच्या वार्षिक संमेलनाच्या दिवशी सकाळी नऊ ते अकरा आमचा मित्र आपले श्रवणमापन यंत्र सभागृहामागच्या खोलीत लावणार आहे. दुचाकी चालवणाऱ्या सर्व सभासदांनी यावे. आदल्या रात्री गोंगाटात बसू नये, आणि कानातला मळ आधी काढून यावे. तेवढ्यात त्याचा निम्मा वेळ जातो.